पहिल्यांदाच वासोटा: उतरणीचा हिशेब आधी

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. डिसेंबरच्या अखेरीस नागपूरहून येऊन साताऱ्यात तीन दिवस मुक्काम आहे. त्यातला एक दिवस वासोटा गडासाठी ठेवायचा आहे. आपले वय अठ्ठेचाळीस, पत्नीचे त्रेचाळीस आणि मुलगी तेरा वर्षांची. देवळाच्या पायऱ्यांपलीकडे तिघांपैकी कोणीही डोंगर चढलेले नाही आणि आपण रक्तदाबाची गोळी घेता. एका मित्राने "दोन तासांत माथ्यावर पोचाल" असे सांगितले आहे. तर हे जमेल का, बूट नवे घ्यावेत का, पाणी किती न्यावे आणि वाटेत कोणी थकले तर काय करावे?

जमेल, असे माझे मत आहे. साताऱ्याच्या आसपासच्या डोंगरांवर नवख्या मंडळींना नेण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो आहे. आपल्या वयाची, आपल्यासारखीच सवय नसलेली माणसे वासोटा करून हसतमुखाने परतताना मी पाहिली आहेत. मात्र आपले सगळे प्रश्न चढाविषयी आहेत, उतरण्याविषयी एकही नाही. नवखा माणूस चढताना दमतो, थांबतो, पाणी पितो आणि पुन्हा निघतो. तो खरा अडचणीत येतो ते दुपारनंतर, उतरताना, जेव्हा मांड्या थरथरू लागलेल्या असतात, पाणी संपत आलेले असते आणि खाली जलाशयाच्या काठावर लाँचवाला वाट पाहत असतो. म्हणून दिवसाची आखणी परतीच्या टोकाकडून मागे मोजत करावी.

वासोट्याच्या बाबतीत परतीचे टोक आपल्या हाती नाही. हा गड कोयना अभयारण्यात, म्हणजे आताच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो. पावसाळ्यात तो बंद असतो. इतर वेळी वनखात्याची परवानगी घेऊन दिवसाउजेडीच जाता येते आणि गडावर किंवा जंगलात मुक्काम करता येत नाही. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोलीला यायचे, तिथे परवानगी आणि लाँच ठरवायची, शिवसागर जलाशयातून साधारण तास-सव्वा तास जायचे आणि गडाच्या पायथ्याशी मेट इंदवलीच्या काठावर उतरायचे. संध्याकाळी त्याच लाँचने परत यायचे. एखाद्या रस्त्यालगतच्या गडावर उशीर झाला तर फार तर अंधारात गाडी गाठावी लागते. इथे मात्र उशीर म्हणजे लाँचवाल्याचा, वनखात्याचा आणि आपल्याबरोबर आलेल्या इतरांचाही खोळंबा.

आता घड्याळाचा हिशेब. डिसेंबरअखेर साताऱ्यात सूर्य साधारण सातला उगवतो आणि सहा वाजून काही मिनिटांनी मावळतो. पण पंचांगातल्या सूर्यास्तावर विसंबू नये. वासोट्याची वाट पूर्वेकडच्या, म्हणजे जलाशयाकडच्या उतारावरून चढते आणि सह्याद्रीची मुख्य धार तिच्या पश्चिमेला उभी आहे. त्यामुळे दुपार कलली की सूर्य धारेआड जातो आणि दाट झाडीत चार-साडेचारनंतरच उजेड मंदावतो. पायाखालचे दगड नीट दिसेनासे होतात ते तेव्हापासून. म्हणून चारपर्यंत मेट इंदवलीला परत यायचे, हा पहिला खिळा ठोका. उतरायला नवख्या माणसाला दोन तास लागतात, कधी थोडे अधिक. म्हणजे दीडच्या सुमारास माथा सोडला पाहिजे. माथ्यावर जेवण आणि पाहणी यांसाठी तासभर धरला, तर साडेबारापर्यंत वर पोचायला हवे.

चढायला किती वेळ लागेल, याचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला आणि आजही तो उपयोगी पडतो: सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर चाल धरावी आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास वाढवावा. जलाशय पूर्ण भरलेला असतो तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते. तिथून गडमाथ्यापर्यंत पाचशे मीटरांच्या पुढचा चढ आहे. वाट चार किलोमीटरांच्या आसपास धरली, तर हिशेब पावणेदोन-दोन तासांवर येतो. आपल्या मित्राचे दोन तास अगदी याच हिशेबात बसतात, त्यामुळे ते खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. पण हा ठोकताळा न थांबता चालणाऱ्या, सवयीच्या माणसाचा आहे. आपल्या तिघांसाठी त्यात निम्मी भर घालावी आणि तीन तास धरावेत. म्हणजे साडेनऊला पायथ्यापासून पाऊल उचलायला हवे, त्यासाठी सव्वाआठला लाँच सुटायला हवी, आणि परवानगीची रांग धरून सातपर्यंत बामणोली गाठायला हवी. साताऱ्याचा मुक्काम पहाटे साडेपाचला सोडावा लागेल, तोही वाटेत चहासाठी फारसे न थांबता. डिसेंबरअखेरचे दिवस गर्दीचे असतात आणि शनिवार-रविवारी बामणोलीत रांगेतच तास जाऊ शकतो. म्हणून शक्यतो आठवड्याचा मधला दिवस धरा आणि लाँचची बोलणी आदल्या दिवशीच करून ठेवा.

या सगळ्यातून एक नियम निघतो आणि तो तिघांनी घरीच, घाम येण्याआधी, मान्य करायचा आहे. दुपारी एकपर्यंत माथा गाठला नसेल, तर आपण जिथे असू तिथून मागे फिरायचे. गडाचा पडका दरवाजा समोर दिसत असला तरीही. हा निर्णय डोंगरावर घ्यायला ठेवला की तो कधीच घेतला जात नाही, कारण वरून उतरणारा प्रत्येक जण "आता दहाच मिनिटे राहिलीत" असे प्रेमाने सांगत असतो. ती दहा मिनिटे उतरणाऱ्याची असतात.

पायथ्याशी वनखात्याच्या चौकीवर पिशव्या तपासतात. प्लास्टिकच्या बाटल्या, वेष्टने मोजून नोंद करतात, अनामत ठेवून घेतात आणि परत येताना तितकेच नग दाखवले की ती मिळते. ही पद्धत मला मनापासून आवडते. पण तिचा वेळही आपल्याच चढाच्या तीन तासांतून जातो. खाणे घरच्या डब्यात आणि पाणी स्टीलच्या किंवा जाड, पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांत न्या, म्हणजे मोजायला काही उरत नाही.

चौकी सोडल्यावर थोड्या अंतरावर ओढा आहे, तिथे मारुती-गणपतीचे ठाणे आहे. इथवरची वाट सोपी आहे आणि नवख्यांची पहिली गफलत इथेच होते. सावली असते, हवा गार असते, उत्साह ताजा असतो, मग माणसे भराभरा चालतात आणि खरा चढ सुरू झाल्यावर अर्ध्या तासात धापा टाकू लागतात. वेग ओळखण्यासाठी नाडी मोजत बसू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेगच रोखून धरतात, त्यामुळे आपल्या बाबतीत तो आकडा फसवा ठरू शकतो. चालता चालता एक पूर्ण वाक्य न तोडता बोलता येते का, एवढेच पाहा. वाक्य तुटले तर पावले लहान करा. अर्धा तास चालावे, पाच मिनिटे उभ्यानेच विसावा घ्यावा आणि दोन घोट पाणी प्यावे. दर वळणावर बैठक मारली की अंग गार पडते आणि पुन्हा उठताना दुप्पट जड होते. गोळी कोणती आहे ते सांगून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या. छातीत दाब वाटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणे, बसून राहिल्यावरही श्वास न सावरणे, यांपैकी काहीही झाले तर तो थकवा समजू नका. तिथेच थांबायचे, बसून राहायचे आणि मदत बोलवायची.

वाट बहुतांश झाडीतून जाते. मधे एके ठिकाणी नागेश्वरकडे जाणारी वाट फुटते. आपण गडाचीच वाट धरायची. नागेश्वरची गुहा सुंदर आहे, पण गड आणि नागेश्वर एकाच दिवशी करणे हे सवयीच्या पायांचे काम आहे. फाट्यापुढे झाडी विरळ होऊन कारवी सुरू होते, चढ अंगावर येतो आणि ऊन लागते. नवख्या माणसाची कसोटी हा शेवटचा टप्पा घेतो. इथे पूर्ण बाह्यांचा सदरा आणि घोट्यापर्यंत सैल पँट यांचे महत्त्व कळते. हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि त्यांवरची सोनेरी लव नुसत्या धक्क्याने अंगावर उडते. लागलीच तर चोळू नका, चोळल्याने ती पसरते. चिकटपट्टी दाबून उचलली की बरीचशी निघून येते, म्हणून तिची छोटी गुंडाळी खिशात असू द्या.

माथ्यावर छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर लागते. पुढे महादेवाचे मंदिर, पाण्याचे टाके, पडक्या वास्तूंचे चौथरे आणि एका टोकाला बाबू कडा आहे. कड्यासमोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर उभा दिसतो. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीने पेशव्यांच्या सेनापती बापू गोखल्यांविरुद्ध लढवलेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतलेला हा गड आहे. इतिहासाची आवड असलेल्या माणसाचा पाय इथून निघत नाही हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच माथ्यासाठी तास आधीच बाजूला काढून ठेवला आहे. कड्याच्या टोकावर उभे राहून छायाचित्रे काढू नका. टोकाकडे मुरमाचा घसारा असतो आणि दमलेल्या पायाचा तोल नेमका तिथेच जातो. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. सकाळी अत्तर किंवा सुवासिक फवारा मारून निघू नये, वर धूर करू नये, आरडाओरडा करू नये.

आता उतरण. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात. उतरताना मात्र ते ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरतात. या दुसऱ्या प्रकारच्या कामाची सवय शहरी पायांना नसते, कारण आपण जिने चढायचा कंटाळा करतो तसा उतरायचाही करतो, दोन्हीकडे लिफ्टच. अशा कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. वेदना त्याच दिवशी फारशी जाणवत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस खुर्चीत बसताना कण्हतो. यावर एक चांगला उपाय आहे. उतरण्याचा थोडासा सराव आठवडा-दोन आठवडे आधी झालेला असला, तर स्नायू पुढच्या वेळी पुष्कळ सावरून घेतात. त्यामुळे आतापासून इमारतीचे जिने उतरायला लागा. वर लिफ्टने गेलात तरी चालेल, खाली मात्र पायी या. पहिल्या दिवशी चार-पाच मजले, मग हळूहळू वाढवत न्या. चढाच्या सरावापेक्षा या सरावाचा वासोट्यावर जास्त उपयोग होईल.

उतरताना पाऊल लहान, गुडघा किंचित वाकलेला आणि तळवा पूर्ण टेकलेला असावा. भीतीने माणूस मागे झुकतो आणि टाचेवर भार देतो, आणि नेमका त्यामुळेच घसरतो. उतार फार तीव्र वाटला तर उताराला आडवे उभे राहून, एक खांदा दरीकडे ठेवून उतरावे. डिसेंबरात वाटेवर पाचोळा पडलेला असतो आणि त्याखालचे गोल दगड दिसत नाहीत, तेव्हा पाऊल टाकण्याआधी काठीने जागा चाचपावी. काठी माणशी एक पुरे, पण ती प्रत्येकाची स्वतःची हवी. हात कोपरात काटकोनात राहील इतकी उंच असावी आणि उतरताना ती पावलाच्या आधी खाली टेकवावी. कारवीच्या वाळक्या दांड्याचा आधार घेऊ नका, तो मुळासकट हातात येतो.

बूट नवे घ्यायचे असतील तर आजच घ्या आणि निघेपर्यंत रोज घाला. कोरे करकरीत बूट घालून डोंगरावर येणाऱ्यांच्या टाचा पहिल्या तासातच सोलल्या जातात. तळाला खोल खाचा हव्यात. रस्त्यावर धावायचे सपाट तळाचे बूट घसाऱ्यावर निकामी ठरतात. माप घेताना सायंकाळी जा, जाड मोजे घालून पाहा आणि पुढे अंगठ्याला बोटभर जागा ठेवा. उतरणीला लागण्याआधी खाली बसून, टाच मागे दाबून, घोट्याजवळ नाडी घट्ट बांधायची, म्हणजे पाऊल बुटात पुढे सरकत नाही. हे केले नाही तर प्रत्येक पावलाला अंगठ्याचे नख बुटाच्या टोकावर आदळते आणि संध्याकाळी काळेनिळे होते. नखे दोन दिवस आधी कापून ठेवा.

पाणी माणशी तीन लिटर. गडावरच्या टाक्यातले पाणी गाळून, शुद्ध करूनच वापरता येईल, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका. तिन्ही लिटर साधे पाणी नको. घाम गेल्यावर नुसतेच पाणी ढोसले तर रक्तातले मीठ पातळ होते आणि डोके दुखते, मळमळते. एक लिटरमध्ये सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते निम्म्या वाटेपासून पीत राहावे. तयार पूड मिळते तीही चालेल. गोळी मिठाशी संबंधित पथ्याची असेल, तर हेही डॉक्टरांना विचारून ठरवा. खाण्यात भाकरी-चटणी, उकडलेले बटाटे, केळी, शेंगदाणे-गूळ हे उत्तम. साताऱ्यात आहातच तर पाव किलो कंदी पेढे घ्या. खरपूस भाजलेला खवा आणि बेताची साखर असल्याने ते दिवसभर टिकतात, आणि रुसलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला शेवटच्या चढावर उभे करण्याचे त्यांचे सामर्थ्य मी स्वतः पाहिले आहे. तिच्या पाठीवर तिचे पाणी आणि डबा याहून अधिक काही देऊ नका.

कोणी थकले तर काय, हा आपला शेवटचा प्रश्न. थकणारा माणूस सांगत नाही, त्याच्याकडे पाहून ओळखावे लागते. सकाळपासून बोलणारा गप्प होतो, खायला दिले तर नको म्हणतो, सपाट जागेवर ठेच खातो, आणि मग म्हणतो, "तुम्ही व्हा पुढे, मी इथेच बसतो, येताना मला घ्या." हे वाक्य ऐकले की सर्वांचा गड तिथेच संपला, असे समजावे. हे गव्यांचे, अस्वलांचे जंगल आहे. मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, बसलेल्या माणसाला बरे वाटून तो भलत्याच वाटेने चालू लागण्याचा धोकाही असतो. सावलीत बसवा, बूट सैल करा, मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने द्या, वीस मिनिटे थांबा आणि मग सगळ्यांनी मिळून खाली उतरा. तिघेच जात असाल तर बामणोली परिसरातला स्थानिक वाटाड्या अवश्य घ्या. वाट चुकण्याचा प्रश्न तिथे फारसा येत नाही, पण एकाला आधार देताना दुसऱ्याकडे पाहायला एक सवयीचा माणूस लागतो. गवा दिसला तर थांबा, त्याला वाट द्या, छायाचित्रासाठी जवळ जाऊ नका. सर्पदंश झालाच तर चिरा देणे, रक्त शोषणे, करकचून बांधणे यातले काहीही करू नये. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून काठावर आणावे, चौकीला कळवावे आणि लाँचने तडक दवाखाना गाठावा.

तीन दिवसांची मांडणी मी अशी करीन. पोचाल त्या दिवशी सायंकाळी साताऱ्यातलाच अजिंक्यतारा किल्ला पायी करा. 'चार भिंती' या स्मारकाच्या बाजूने निघून वरच्या मंगळाईच्या मंदिरापर्यंत सावकाश जा आणि उजेडात खाली या. वर गाडी जाते, पण ती वापरू नका. ही तुमची परीक्षा आहे. तिघांपैकी कोणाचा गुडघा उतरताना कुरकुरला, किंवा अर्ध्या वाटेवर पूर्ण वाक्य बोलणे जमेनासे झाले, तर दुसऱ्या दिवशी बामणोलीला जरूर जा, लाँचमधून शिवसागर पाहा, पण गडाची परवानगी काढू नका. त्याऐवजी सज्जनगडाच्या पायऱ्या चढा, समर्थांच्या समाधीचे दर्शन घ्या. सारे ठीक वाटले तर दुसरा दिवस वासोट्याचा. तिसरा दिवस मोकळा ठेवा आणि नागपूरचा प्रवास शक्य असेल तर संध्याकाळी सुरू करा. मांड्या त्या दिवशी चांगल्याच दुखत असतील. गाडीत सलग बसून राहिल्यास त्या आणखी आखडतात, म्हणून दर दोन तासांनी उतरून शंभर-दोनशे पावले चाला. चौथ्या दिवसापर्यंत दुखणे ओसरू लागले नाही, गुडघ्याला सूज आली किंवा लघवीचा रंग गडद तांबूस दिसला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.